मिरवणूक, ढोल-ताशा आणि खांद्यावरच्या मुलांचे कान

गणपती जवळ आले की तान्ह्या मुलांच्या आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न दरवर्षी येतो: बाळाला मिरवणूक दाखवायला न्यायचं का? उत्तरं दोनच प्रकारची. एक, ‘काही होत नाही, आम्हालाही खांद्यावर घेऊनच दाखवली होती.’ दुसरं, ‘वेड लागलंय का, घरी बसा.’ पहिलं उत्तर देणाऱ्यांनी स्वतःचे कान कधी तपासून घेतलेले नसतात आणि दुसरं देणाऱ्यांना बहुधा ढोल कधी आवडलेलाच नसतो. मला आवडतो. म्हणून मी हा प्रश्न जरा वेगळा विचारते: नेलं तर किती जवळ आणि किती वेळ? मुलाच्या कानाचं बरंवाईट मुख्यतः या दोन गोष्टींवर ठरतं. बाजारात मिळणारे इअरमफ्स, म्हणजे कान झाकणाऱ्या वाट्या, त्यानंतर येतात.

हे पटायला डेसिबलचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं, कारण ते फसवं आहे. ९० आणि १०० डेसिबल यांत दहाचा फरक दिसतो, पण १०० डेसिबलच्या आवाजात ९० च्या दहापट ऊर्जा असते. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते. आपल्याला मात्र ती तशी जाणवत नाही. १० डेसिबल वाढले तरी आवाज फार तर दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. कानावरचा मारा दहापट आणि जाणीव दुपटीची, त्यामुळे ‘जरा मोठा आहे, पण चालेल’ हा आपला अंदाज नेहमीच कमी पडतो.

कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेनं सुचवलेली मर्यादा जगभर वापरली जाते: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटं. लक्षात घ्या, हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे आणि तो कामाच्या ठिकाणासाठी आहे. त्यातही काही जणांची श्रवणशक्ती थोडीफार जाणार हे गृहीत धरलेलं आहे. लहान मुलांसाठी कुणी एवढी सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हेडफोनसारख्या उपकरणांसाठी जी मर्यादा घातली आहे, ती मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबल ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबल ४० तास अशी आहे. हाच मुलांचा आकडा घेऊन ३ डेसिबलच्या नियमानं पुढे गेलं तर ८४ डेसिबलला आठवड्याचा सगळा कोटा ५ तासांत संपतो, ९० ला सव्वा तासात आणि ९९ ला साडेनऊ मिनिटांत.

आता लक्ष्मी रस्त्यावर या. पुण्यातल्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा गट गेली अनेक वर्षं विसर्जनाच्या दिवशी या रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतो. आकडा दरवर्षी वर-खाली होतो, पण सरासरी बहुतेक वेळा नव्वदच्या पलीकडे असते आणि कित्येकदा शंभरला टेकते. सरासरी म्हणजे दोन पथकांमधली शांतता धरून. प्रत्यक्ष पथकासमोर किंवा स्पीकरच्या भिंतीसमोर उभं असताना काय असेल, ते यावरून ओळखता येईल. बेलबाग चौकात एक पथक पुढे सरकायला कधीकधी साडेनऊ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच सांगून पुढे जाते.

कानात नेमकं बिघडतं काय? शाळेत शिकलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं पडद्याची थरथर आत पोचवतात. आत शंखासारखा वळलेला कर्णावर्त असतो, त्यात द्रव असतो आणि प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. या पेशींच्या टोकांना अगदी बारीक तंतू असतात. द्रव हलला की तंतू वाकतात आणि पेशी मेंदूकडे संदेश धाडते. आवाज प्रचंड असला की तंतू वादळी पावसात भात आडवं व्हावं तसे लोळतात. थोडक्यात निभावलं तर एक-दोन दिवसांत पुन्हा उभे राहतात. कार्यक्रमाहून परतल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं, ‘सूं’ असा आवाज येत राहतो आणि सकाळपर्यंत बरं वाटतं, ते यामुळे. पण मारा जास्त झाला किंवा वारंवार होत राहिला तर पेशी मरते. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते. निसर्गानं ही सोय पक्ष्यांना दिली आणि आपल्याला नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

‘सकाळपर्यंत बरं वाटलं’ यातही एक मेख आहे. २००९ मध्ये हार्वर्डमधल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज २ तास ऐकवला. काही दिवसांनी उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली आणि केसपेशी शाबूत होत्या. पण त्या पेशी आणि श्रवणाचा मज्जातंतू यांना जोडणारे सांधे काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमचे गेले होते. असं नुकसान नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. शांत खोलीत सगळं ऐकू येतं, गोंगाटात बोलणं मात्र उलगडत नाही. माणसांत हे किती प्रमाणात होतं यावर अजून संशोधन चालू आहे. तोवर ‘दुसऱ्या दिवशी मूल व्यवस्थित होतं’ या पुराव्यावर फार भिस्त ठेवू नये, हे बरं.

मुलांचा कान मोठ्यांपेक्षा वेगळा का धरायचा, याची कारणं आहेत. बाळ जन्मतं तेव्हा कर्णावर्त पूर्ण वाढलेला असतो, पण बाहेरची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते. प्रत्येक नळी ठरावीक पट्टीतले आवाज वाढवते. मोठ्यांची नळी ३,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वर किती उंच, याचं माप) आसपासचे स्वर उचलते, तर तान्ह्या बाळाची त्याहून वरचे, तीक्ष्ण स्वर. ताशाची कडकड, पिपाणी, शिट्टी, फटाक्याचा तडाखा हे सगळे आवाज त्याच बाजूला झुकलेले. म्हणजे आपल्याला ताशा जेवढा टोचतो, त्यापेक्षा तो बाळाच्या पडद्यावर जास्त आदळू शकतो.

दुसरं कारण भाषेचं. मोठ्या आवाजानं कान बिघडतो तेव्हा पहिला फटका साधारण ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्याला बसतो. स, श यांसारख्या वर्णांची ओळख बरीचशी तिथे आणि त्याच्या वरच्या पट्टीत असते. मोठ्या माणसाला ‘साप’मधला स नीट ऐकू आला नाही, तरी वाक्यावरून तो ओळखतो. दीड वर्षाच्या मुलाकडे भरून काढायला शब्दांचा साठाच नसतो. ते अजून ‘साप’ आणि ‘ताप’ वेगळे करायला शिकत असतं. कमी ऐकू येणारं मूल बहुतेकदा ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हणतही नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच ऐकू येतं. घरचे म्हणतात, ‘लक्ष देत नाही’, बालवाडीच्या बाई म्हणतात, ‘हट्टी आहे’.

आणि तिसरं कारण, मूल निघून जाऊ शकत नाही. आपल्याला नको झालं की आपण दोन पावलं मागे सरकतो. ते कडेवर असतं, कांगारू पिशवीत असतं, बाबांच्या खांद्यावर असतं. रडलं तर लोक म्हणतात, ‘गर्दीला घाबरलं’. आणि झोपलं तर अभिमानानं दाखवतात, ‘बघा, एवढ्या आवाजात झोपलंय, काही त्रास नाही त्याला!’ तान्हं मूल भडिमार झाला की डोळे मिटून घेऊ शकतं. डोळे मिटले म्हणून कान मिटत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या केसपेशींवर तोच मारा चालू असतो, हे मात्र घरातल्या सगळ्यांना एकदा नीट समजावून सांगण्यासारखं आहे.

अंतराकडे वळू. मोकळ्या मैदानात आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. ५ मीटरवरून १० वर गेलात की ६, २० वर गेलात की १२, ४० वर गेलात की १८. ३ डेसिबलच्या नियमानं बघितलं तर १८ डेसिबल म्हणजे ६४ पट जास्त वेळ. पैसा न लागणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पण लक्ष्मी रस्ता मैदान नाही. दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती, खाली दुकानांची शटरं, मध्ये अरुंद रस्ता. आवाज भिंतींवर आदळून परत येतो आणि अंतरानं उतरायला हवा तेवढा उतरत नाही. एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंतीचं तर आणखी वेगळं. साताऱ्या-कोल्हापूरकडे सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात ती ही भिंत. ती लांबरुंद असल्यामुळे जवळच्या पट्ट्यात दहा-वीस पावलं मागे जाऊन फारसा फरक पडत नाही. अशा ठिकाणी सरळ मागे हटण्यापेक्षा बाजूच्या गल्लीत शिरणं कितीतरी फायद्याचं. कोपरा ओलांडलात की ताशासारखे तीक्ष्ण स्वर चटकन गळतात, कारण त्यांना वळता येत नाही. ढोलाचा आणि बेसचा धमधमाट मात्र कोपऱ्यावरून वळून येतो, त्यामुळे छातीत धडधडतं आणि आपल्याला वाटतं काही कमी झालंच नाही. झालेलं असतं, आणि कानाला जास्त नडणारा भागच कमी झालेला असतो.

नातेवाइकांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीचं फार अप्रूप असतं. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, चहा मिळतो. कानासाठी ती जागा रस्त्यापेक्षा फारशी चांगली नाही. ट्रकवरचे स्पीकर बऱ्याचदा त्याच उंचीला येतात आणि पाठीमागची भिंत आवाज पुन्हा तुमच्याकडे फेकते. गॅलरीचा खरा उपयोग असा की पथक समोर आलं की मूल घेऊन आतल्या खोलीत जाता येतं आणि मधलं दार-खिडक्या लावता येतात. मूर्ती समोर आली, पथक पुढे सरकलं, की पुन्हा बाहेर.

खांद्यावर बसवण्याबद्दल थोडं. दिसायला छान, फोटोलाही छान. पण जमिनीवर उभं राहणाऱ्या माणसाच्या आणि पथकाच्या मध्ये पाच-सहा ओळी माणसं असतात, त्यांची अंगं आणि कपडे थोडाफार आवाज शोषतात. खांद्यावरचं मूल त्या सगळ्यांच्या वर, थेट कर्ण्याच्या किंवा स्पीकरच्या समोर. मूर्ती बघायला मिनिटभर उचला, मग खाली घ्या आणि त्याची पाठ आवाजाकडे करा.

वेळेचंही पुण्यात एक गणित आहे. सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मानाचे गणपती निघतात, तेव्हा पालख्या, सनई-नगारे, पथकं असं सगळं असतं आणि गर्दीतून बाहेर पडायला वाट असते. स्पीकरच्या भिंती साधारण संध्याकाळनंतर जोर धरतात. लहान मूल असेल तर सकाळचा अर्धा-पाऊण तास, पथकापासून लांब, एवढं ठरवून जावं आणि अलका टॉकीजच्या चौकात रात्री दहाला ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून थांबू नये. मुंबईत लालबागला, गिरगाव चौपाटीला, किंवा गोव्यात शिगमोच्या मिरवणुकीला जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. दहीहंडी, शिवजयंती, आंबेडकर जयंती, लग्नाची वरात, ईदचा जुलूस, स्पीकरला कशाचंच सोयरसुतक नसतं.

बरोबर आवाजमापक नसला तरी एक साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या वर आहात. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं अंदाज येतो, पण पथकाजवळ त्या आकड्यावर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठ्या आवाजाला तो मान टाकतो आणि आकडा खराखुरा असतो त्यापेक्षा कमी दाखवू शकतो.

आता इअरमफ्स. मुलांचे मफ्स ऑनलाइन सहज मिळतात आणि फटाक्यांच्या एका बऱ्यापैकी पिशवीएवढीच किंमत असते. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा असतो, म्हणजे मफ्स किती डेसिबल अडवतात तो, २२, २५, २७ असा काहीतरी. तो प्रयोगशाळेतला, नीट बसवलेल्या मफ्सचा. हलणाऱ्या, घामेजलेल्या, दर दोन मिनिटांनी हात घालणाऱ्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ म्हणायचं. १२ डेसिबल मिळाले तरी वेळ १६ पट वाढतो, म्हणून निम्म्यालाही हसू नये.

मफ्सचं सगळं काम त्यांच्या उशीसारख्या कडेवर अवलंबून असतं. ती कानाभोवती सगळीकडून चिकटली पाहिजे. बारीकशी फट राहिली तरी आवाज आत येतो. आणि इथेच आपल्याकडे गंमत होते. मिरवणुकीला मूल सजवून नेलेलं असतं. डोक्यावर फेटा, तो कानावर उतरलेला, आणि मफ्स फेट्यावरून चढवलेले. उपयोग शून्याच्या जवळपास. हीच कथा टोपीची, केसांच्या जाड पिनांची आणि झुमक्यांची. बारशाची बाळी किंवा बारीक डूल चालून जातात, पण लोंबते झुमके त्या कडेखाली दाबले जातात, फट पडते आणि मुलाला टोचतं ते वेगळंच. फेटा घालायचाच असेल तर आधी मफ्स कानाला लावा, फेटा वरून आणि कानाच्या पाठीमागून घ्या. फोटोत जरा विचित्र दिसेल.

दोन वर्षांखालच्या बाळांसाठी कडक प्लास्टिकच्या पट्टीऐवजी मऊ रुंद इलॅस्टिकची पट्टी असलेले मफ्स येतात, तेच घ्यावेत. डोकं अजून वाढतं असतं, त्यावर तासन्‌तास दाब नको. पण मफ्स लावलेत म्हणून तासन्‌तास थांबायचंच नाही, हेही आलंच. सवय आधीपासून लावा. ऐन चौकात पहिल्यांदा चढवलेले मफ्स मूल ओढून फेकतं आणि त्यात त्याची चूक नसते. घरी मिक्सर लागला की मफ्स लावायचे, असा खेळ आठ दिवस केला तर बरीच मुलं स्वतःहून मागतात.

कानात घालायचे फोमचे बोळे लहान मुलांना नकोत. नळीत नीट बसत नाहीत आणि तोंडात गेले तर घशात अडकायची भीती. कापसाच्या बोळ्यावर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. ढोलपथकातली मुलंही सर्रास कापूस घालतात. कापूस आवाज अगदी थोडा अडवतो, आणि घातला आहे या समाधानात माणूस जास्त वेळ थांबतो. आजीच्या पदराचंही तेच. पदर कानावर घट्ट ओढून धरणारी आजी मला फार आवडते, पण पातळ कापडातून आवाज जवळपास जसाच्या तसा जातो. तिला सांगा, पदर सोड आणि तळहात कानावर दाब. कानाच्या भोकापुढे जो लहानसा मांसल उंचवटा असतो तो हलकेच आत दाबला की नळी बंद होते. पथक समोरून जाईपर्यंतची मिनिटभराची सोय म्हणून ही मफ्सच्या खालोखाल आहे. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मात्र या कामाचे नाहीत. ते विमानाची घरघर कमी करायला आहेत, आणि त्यात कार्टूनचा आवाज वाढवून दिला तर आगीतून फुफाट्यात.

रस्त्यावर विकायला येणाऱ्या पिपाण्यांबद्दल काय लिहावं! पाच वर्षांचं मूल दुसऱ्या पाच वर्षांच्या मुलाच्या कानात ती फुंकतं आणि दोघांचे आईबाप हसतात. विकत न घेणं एवढंच आपल्या हातात आहे.

फटाक्यांचं गणित निराळं, कारण तिथे वेळेचा प्रश्नच नसतो. एक तडाखा पुरतो. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक बारीकसा स्नायू रिकिबीला आवळून धरतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण त्याला जागं व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो आणि सुतळी बॉम्ब तोवर वाजून संपलेला असतो. भारतात फटाक्याला कायद्यानं परवानगी आहे ती फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखरापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा क्षणिक आवाजासाठी सुचवलेली कमाल मर्यादा मोठ्यांना १४० आणि मुलांना १२०. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा मुलांच्या मर्यादेच्या २५ डेसिबल वर असू शकतो. अंतराच्या नियमानं हिशेब केला तर मोकळ्या मैदानात मूल साधारण ७० मीटरवर हवं. सोसायटीच्या चौकोनी अंगणात ७० मीटर कुणाकडे असतात? तिथे चारही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात ते निराळंच. तेव्हा मोठ्या आवाजाचे फटाके वाजत असताना तान्ही मुलं घरात, खिडक्या लावून. भुईचक्र आणि फुलबाजीला कानाची हरकत नाही, धुराची आहे.

काही मुलांना जास्त जपावं लागतं आणि हे सहसा कुणी सांगत नाही. जन्मल्यावर एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिलेली, विशेषतः जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स मिळालेली मुलं, कॅन्सरसाठी सिसप्लॅटिन घेतलेली मुलं, आणि ज्यांच्या घरात लहानपणीच बहिरेपण आलेलं आहे अशी मुलं. यांच्या केसपेशी आधीच नाजूक असू शकतात, आवाज त्यात भर घालतो. गरोदर बाईनं मफ्स लावले तरी पोटातल्या बाळाला त्यांचा उपयोग नाही. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून बाळाचा कान आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो आणि बेसचे खोल स्वर पोटातून आत बऱ्यापैकी पोचतात. सातव्या-आठव्या महिन्यात डॉल्बीच्या भिंतीला खेटून उभं राहू नये.

आईबाप दोघंही पथकात असतात अशी घरं पुण्यात आता कमी नाहीत. जुलैपासून नदीकाठी, मैदानावर रोज संध्याकाळी सराव, आणि मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून तेही बरोबर. विसर्जनाच्या एका दिवसापेक्षा मला या दोन महिन्यांची काळजी जास्त वाटते. कोटा आठवड्याचा असतो, आणि सरावाला तो रोज थोडा थोडा खर्च होतो. पथकांमध्ये जागेची वाटणी असतेच: ढोल इथे, ताशे तिथे, ध्वज पुढे. मुलांची चटई मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, ताशांच्या तोंडासमोर नाही, एवढी एक ओळ पथकप्रमुखांनी त्यात घालायला हरकत नसावी. वादकांनीही स्वतःचे बोळे नीट फोमचे घ्यावेत. आईच्या कानात बोळे दिसले की मूलही मफ्स घालतं.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांच्या १०० मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते आणि गणपतीतले काही दिवस त्यात येतातच. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये दिलेल्या निकालानं पोलिसांना आवाजमापक वापरून कारवाई करायला भाग पाडलं, आणि मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली सणासुदीला रस्त्यावर उतरून आकडे मोजत आल्या आहेत. तक्रार ११२ वर करता येते. पण हा कायदा मुख्यतः घरात बसलेल्या शेजाऱ्याचा विचार करतो. स्पीकरपासून दहा पावलांवर बाबांच्या खांद्यावर बसलेल्या मुलाच्या कानापाशी किती डेसिबल चालतील, याचा आकडा त्यात शोधूनही सापडणार नाही. तो आकडा बाबांनीच ठरवायचा.

कार्यक्रमानंतर काय बघायचं? बोलता येणारं मूल ‘कानात आवाज येतोय’, ‘कान बंद झालाय’ असं सांगेल. न बोलणारं कान ओढेल, चिडचिडं होईल, किंवा हाक मारल्यावर नेहमीसारखं वळणार नाही. एक रात्र शांत जाऊ द्या, टीव्हीसुद्धा नको. कोमट तेल घालू नका. आत जे दुखावलंय ते पडद्याच्या पलीकडे असतं, तेल तिथे पोचत नाही, आणि पडदा फाटलेला असेल तर अपायच होतो. दुसऱ्या दिवशीही फरक वाटला, एका बाजूनं ऐकू कमी येतंय असं दिसलं, कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावं. अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग होण्याची शक्यता जास्त असते, आठवडा घालवला तर ती घटते.

मूल लहान आहे म्हणून तपासणी होत नाही, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. नवजात बाळाचीही होते. ओएई तपासणीत कानात छोटासा प्रोब ठेवून बारीक आवाज सोडतात आणि केसपेशींकडून उलट येणारा प्रतिध्वनी मोजतात. मूल शांत असेल तर काही मिनिटांचं काम. बेरा तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतोय का ते बघतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची प्राथमिक तपासणी होते, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत सगळ्या तपासण्या एका जागी होतात. बेरासाठी मूल झोपलेलं लागतं. त्यामुळे आदल्या रात्री त्याला जरा उशिरा झोपवायचं, सकाळी लवकर उठवायचं, वाटेत गाडीत डुलकी लागू द्यायची नाही आणि तिथे पोचल्यावर पोटभर पाजायचं किंवा भरवायचं. डोक्याला तेल मात्र त्या दिवशी लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.